मोरीचं तेल लावलेली गाडी

सुमा, आधी माझा मूर्खपणा सांगून टाकते. तू असतीस तर मला सांगू दिलाच नसतास. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला, हातात चहाचा कप पडायच्या आत, तूच ती गोष्ट सांगायचीस आणि दरवेळी माझं वय थोडं वाढवायचीस, म्हणजे मूर्खपणा आणखी शोभेल. आता सांगणारं दुसरं कोणी उरलं नाही.

पहिली गाडी मी पसंत केली होती, ती आपल्या दारात कधी आलीच नाही. तांबडी. आत सीटना पांढरी लेसची कव्हरं आणि पुढच्या काचेपाशी मान हलवणारा प्लास्टिकचा कुत्रा. मी कुत्र्याकडे बघितलं, कुत्र्याने मान हलवली, आणि मला वाटलं, झालं, गाडी आपलीच. तिचा मालक किनाऱ्यावर पाहुण्यांना फिरवायचा. "एकदम टकाटक गाडी, मावशी," म्हणाला. मी तेव्हा साठी ओलांडलेली बाई. केस पिकले होते, अक्कल अजून कैरीएवढी होती. तुला विचारलं तर तू नाक मुरडणार, म्हणून तुझ्याऐवजी देवाला विचारलं. देवळात गाऱ्हाणं घातलं, गुरवाने मूर्तीला फुलांचे कळे चिकटवले. उजवा कळा आधी पडला तर हो, डावा पडला तर नको, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. उजवा टपकन पडला. मी तशीच जाऊन बयाणा दिला आणि येताना बाजारातून काळा गॉगल घेतला. गाडीत बसायचं म्हणजे गॉगल हवाच ना!

दुसऱ्या दिवशी तू बघायला आलीस. गाडीभोवती फिरलीससुद्धा नाहीस. पदर खोचलास, गुडघा धरून खाली बसलीस आणि दाराखालच्या पट्टीवर बोट दाबलंस. बोट आत गेलं. उडदाचा पापड मोडावा तसा आवाज झाला आणि रंगाच्या मागचा गंज भसाभसा वाळूवर सांडला.

"वैनी," तू खालूनच म्हणालीस, "देवाक काय इचारलंस?"

"गाडी घेव काय, म्हणान."

"आणि गाडी बरी आसा काय, तां?"

"तां... तां नाय इचारूक."

"मगे? देव काय खाली वाकान बघतलो?"

बयाणा गेला. गॉगल राहिला, तो पुढे दुसऱ्या डोळ्याच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या वेळी उपयोगी पडला.

खरं म्हणजे गाडीची गरज त्या मोतीबिंदूनेच आधी दाखवली होती. पहिल्या डोळ्याच्या वेळी डोळ्यावर पट्टी बांधून आपण दोघी मालवणात रस्त्यावर उभ्या होतो. सीझन चालू. रिक्षा येत होत्या आणि पाहुण्यांना घेऊन जात होत्या. एकाने थांबून विचारलं, "देवबाग? बोटिंगक?" तू म्हणालीस, "एक डोळो बांधून खयचा बोटिंग रे मेल्या?" तो निघून गेला. एसटी यायला अवकाश होता. तू माझ्या डोक्यावर तुझी छत्री धरलीस आणि स्वतः उन्हात राहिलीस. घरी पोचल्यावर पाय धुताना एवढंच म्हणालीस, "वैनी, गाडी घेवया. जुनी घेवया, पण आपली."

दोघींचे घोव, दोघे भाऊ, एकामागून एक गेले होते. मुलं पोटापाण्यासाठी बाहेर. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी, मधे जमिनीची एवढीशी पट्टी, हे आपलं देवबाग, त्या पट्टीवर एक खळं, म्हणजे सारवलेलं अंगण, आणि खळ्याच्या दोन अंगांना आपली दोन घरं. आपण जावा आहोत हे मला गावाला आठवण करून द्यावी लागायची. लोकांना आपण बहिणी वाटायचो. भांडणं ऐकून वाटत असेल.

आता ती गाडी खळ्यात उभी आहे आणि तू नाहीस. गणपती गेले आणि पाठोपाठ तू गेलीस, झोपेत, कोणाला त्रास न देता. हा तुझा स्वभाव नव्हता. तुझी नीता आली, सगळं केलं आणि जाताना माझ्या गळ्यात पडून म्हणाली, "मोठी आई, आईच्या गाडीचं काय ते तूच ठरव." माझ्या प्रकाशने मात्र ठरवूनच टाकलं आहे. त्याचा रोज फोन. गाडी विक, घर बंद कर, डोंबिवलीला ये. "आई, तिथे तुला कोण नेणार-आणणार? काकी होती तेव्हा गोष्ट वेगळी होती." त्याचं चुकत नाही. गाडी म्हणजे माझे पाय होते आणि ते पाय तू घेऊन गेलीस. त्यामुळे गाडी विकणं म्हणजे नुसती गाडी विकणं नाही, हे मला आणि त्याला दोघांनाही कळतं. म्हणून मी इतके दिवस "बघतंय, बघतंय" करत होते.

तू गाडी कशी शोधलीस ते आठवतं आणि मी एकटीच हसते. आरोग्यसेविका म्हणून जन्म गेला तुझा, पाड्या-वाड्यांवर बायकांची पोटं तपासत. निवृत्त झाल्यावर गाडी शिकलीस आणि मग गाड्यांची पोटं तपासू लागलीस. विकणाऱ्याला अकरा वाजता येते म्हणून सांगायचीस आणि आठलाच त्याच्या दारात हजर. नमस्कार-चमत्कार नंतर, आधी बॉनेटवर तळहात. ते गरम लागलं की मागे फिरायचीस. "ताप आसा." तो बिचारा विचारायचा, कोणाला? मग तू मला रस्त्यात समजावायचीस की जुनी गाडी थंड असताना सुरू व्हायला कुरकुरते, म्हणून लबाड माणूस गिऱ्हाईक यायच्या आधी तिला तापवून ठेवतो. मग इंजिनाच्या तेलाचं झाकण काढून आत बघायचं. झाकणाला पांढरी साय दिसली की तेलात पाणी गेलं, समजायचं आणि चपला घालायच्या. मग पायाखालचा गालिचा उचलून नाक लावायचं, कुबट वास आला की गाडी कुठेतरी बुडाली होती. टायर एकाच कडेने झिजलेत का ते बघायचं. मला तू गालिच्याच्या कामावर नेमलं होतंस, कारण म्हणे माझं नाक कुठेही खुपसायची सवय होतीच.

आणि तुझी ती सूत्रं! देवबागातली गाडी घ्यायची नाही, मालवणातली नाही, खारा वारा पोचतो तिथली कुठलीच नाही. जी गाडी गावोगावी आहे तीच घ्यायची. "जिच्या पार्टासाठी कोल्हापूर गाठूचा लागता ती गाडी नाय वैनी, ती सवत." गाठीचे सगळे पैसे गाडीत घालायचे नाहीत, थोडे तिच्या औषधपाण्याला ठेवायचे. टायर, बॅटरी, काहीतरी निघणारच. जुनी गाडी आणि म्हातारं माणूस घरात आलं की डॉक्टर आलाच. आणि गाडीबद्दल विचारण्याआधी माणसाला विचारायचं, विकतोस का? त्याचं उत्तर ऐकताना गाडीकडे नाही, त्याच्या बायकोच्या तोंडाकडे बघायचं.

ही शेवटची युक्ती कसालला कामाला आली. हमरस्त्यापासून आत, काजूच्या बागेपलीकडचं घर. म्हाताऱ्याने गाडी नवी घेतल्यापासून स्वतःच वापरलेली, बाजाराला आणि देवळाला. रंग राखाडी. मी तुझ्या कानात म्हटलं, "ही काय गो, चुलीतली राख हाडतंस घरात?" तू म्हणालीस, "राख बरी. तिच्यावर गंज दिसता तरी."

"कित्याक इकतास?" तू विचारलंस.

म्हातारा म्हणाला, "डोळे गेले, बाय. परवा वाटेत म्हस आडवी इली म्हणान हॉर्न दिलंय. जवळ जावन बघतंय तर विहीणबाय."

त्याची बायको पदरात तोंड घालून इतकी हसली की तिला ठसका लागला. तू तिच्या तोंडाकडे बघितलंस आणि मला डोळ्याने खूण केलीस. हे खरं आहे. तरी तपासणी सोडली नाहीस. म्हाताऱ्याला शेजारी बसवून गाडी चढणीवर घेतलीस, मधेच थांबवून पुन्हा उचललीस, सपाट रस्त्यावर आल्यावर स्टेअरिंगवरचे दोन्ही हात सोडलेस, गाडी सरळ जाते का बघायला. मागच्या सीटवरून मी रामरक्षा म्हणायला लागले. म्हातारा म्हणाला, "ह्यांका काय जाता?" तू म्हणालीस, "त्यांका गाडीची पारख आसा." गाडी निघाली तेव्हा त्याच्या बायकोने बॉनेटला हळद-कुंकू लावलं आणि म्हणाली, "उभी करून ठेव नको गो हिका. चालती ठेव. उभी ऱ्हवली काय मरता."

मग ती देवबागला आली आणि माझ्या अकलेला पुन्हा पालवी फुटली.

मी माहेरची होडीवाली. बाबा दर वर्षी होडी वाळूवर ओढून आडवी करायचे आणि तिच्या तळाला मोरीचं तेल चोळायचे. मोरी म्हणजे मुशी, शार्क. तिच्या यकृताचं तेल लाकडात मुरलं की खारं पाणी होडीचं काही वाकडं करत नाही. आता तू बाहेरून येऊन सारखी गंज, गंज करत होतीस. गाडी लोखंडाची, वारा खारा. मला उपाय ठाऊक होता, तुला तो विचारायचं सुचलं नाही, यात माझी काय चूक? तू नीताकडे गेली होतीस. ज्यांची अजून लाकडी होडी आहे अशा एका शेजाऱ्याकडून मी डबा आणला, गोणपाट अंथरलं, गाडीखाली सरपटत गेले आणि नारळाच्या काथ्याने तळ चोपून काढला. अगदी मन लावून. बाहेर आले तेव्हा माझं लुगडं, माझे केस आणि मी, तिघंही होडीसारखे वास मारत होतो.

तू आलीस तेव्हा देवबागातली सगळी मांजरं आपल्या खळ्यात होती. काही गाडीखाली, काही बॉनेटवर. एक बोका टायर चाटत होता.

"वैनी, ह्या काय केलंस?"

"तेल लावलंय. मोरीचा."

"वैनी! ही गाडी आसा, होडी नाय!"

"तां तुका ठावक, माका ठावक. खाऱ्या वाऱ्याक कसा कळतला?"

तू साबण लावून चाकं धुतलीस, दारं धुतलीस, खळं धुतलंस, माझ्याशी बोलणं बंद केलंस आणि जेवण मात्र दोघींचं एकत्रच शिजवलंस. अबोला आणि आमटी एकाच वेळी वाढणारी बाई मी दुसरी पाहिली नाही. मालवणात गाडी लावली की लोक नाक वर करून मासळी बाजार इकडे कधी आला ते बघायचे. तो वाद मग मिटलाच नाही. गाडी दर वर्षी धडधाकट राहिली. मी म्हणायचे माझ्या तेलाने, तू म्हणायचीस तुझ्या निवडीने. "मी बरी गाडी निवडलंय म्हणान ऱ्हवली. तुझ्या तेलान नुसती मांजरां ऱ्हवली." शेवटच्या गणपतीतही आपण मोदक वळताना यावरूनच भांडलो. तेव्हा सोडून दिलं असतं तर बरं झालं असतं, असं आता वाटतं. पण खोटं कशाला बोलू? तू असतीस तर उद्या पुन्हा भांडले असते.

दुसरा वाद माझ्या शिकण्याचा. "वैनी, स्टेअरिंग धर. मी आज आसंय, उद्या नाय." मी म्हणायचे, माझ्याने नाही होणार, मला भीती वाटते, माझा डोळा, माझा पाय. तू एकदा चिडून म्हणालीस, "भीती कसली? तोंड चालता तसा पाय चालव." मी हसण्यावारी नेलं. आता तू ऐकत नाहीस तर खरं सांगते. भीती नव्हती गो. मी शिकले असते तर बाजाराला तू एकदा गेली असतीस आणि एकदा मी. डॉक्टरकडे मी एकटी गेले असते. "चल, सोडतंय तुका" म्हणून तू हाक मारली नसतीस, मी मुद्दाम उशीर केला नसता, तू हॉर्न वाजवून सगळी वाडी जागी केली नसतीस. मला गाडी नको होती, मला तुझ्या शेजारी बसायचं होतं. हे तुला कधी बोलून दाखवलं नाही, कारण बोलून दाखवलं असतं तर तू म्हणाली असतीस, "सरळ सांग ना, आळशी आसंस ती."

तर आता विक्रीचं ऐक.

प्रकाशने मोबाइलवर जाहिरात टाकली आणि गिऱ्हाइकं यायला लागली. पहिला आला तो किनाऱ्यावर पाहुण्यांसाठी गाडी फिरवणारा. ओल्या वाळूवर नेणार म्हणाला. त्याला मी सांगितलं की गाडीत भूत आहे. दुसऱ्याला भूत चालणारं होतं, म्हणून मग तुझी विद्या काढली. गिऱ्हाइकाने विचारायच्या आत मीच गाडीचे दोष सांगायला लागले. क्लच वर लागतो. डाव्या बाजूची काच पावसात अडते. हॉर्न थंडीत घोगरा येतो. मागची डिकी दोनदा आपटावी लागते. आणि मुख्य म्हणजे गाडी समुद्राकाठची, आमच्याकडे गंजाला काय तोटा! तो हात जोडून गेला. त्याने प्रकाशला फोन केला आणि प्रकाशने मला.

"आई, तू गाडी इकतंस काय गाडीची निंदानालस्ती करतंस?"

"खरा सांगतंय."

"येवढा खरा कोण सांगता?"

मी फोन ठेवला आणि खळ्यात येऊन गाडीशेजारी बसले. एक टायर बसत चाललं होतं. वायपरच्या दांडीवर मिठाचा पांढरा हात फिरला होता. गाडीखाली नेहमीसारखी दोन मांजरं झोपली होती. कोणी येत नव्हतं, जात नव्हतं. तुझ्या घराचं दार बंद. मी मोठ्याने म्हटलं, "चल गो, उशीर झालो." गम्मत म्हणून म्हटलं. मांजर उठून दुसऱ्या कुशीवर झालं.

तिसरी आली ती एसटीने. देवगडच्या बाजूला एका शाळेत शिकवते, राहायला कणकवलीजवळ, दोन गाड्या बदलून जाते, संध्याकाळची चुकली की लहान मुलीला शेजारी ठेवावं लागतं. नाव मेघा. ऑफिसात बोलावं तसं स्वच्छ मराठी बोलत होती. "आजी, माझं बजेट फार नाही. पण गाडी छान ठेवलीय तुम्ही. मी आजच बयाणा देऊन जाते." आणि तिने पर्स उघडली. गाडीकडे नीट बघितलंही नव्हतं. सीटवर नीताने टाकलेला फुलाफुलांचा टॉवेल बघून भाळली असावी.

सुमा, मी गप्प बसले असते तर गाडी त्या क्षणी विकली गेली असती. प्रकाश खूश, जाहिरात बंद. पण मला तिच्या जागी गॉगलवाली मी दिसली आणि माझा हात उठला.

"पर्स बंद कर आधी. बॉनेटवर हात ठेव. गार आसा? बरा. आता तां झाकण काढ."

मी तिला सगळं करायला लावलं. झाकण, गालिचा, टायर, स्टेपनी. क्लचचं सांगितलं, काचेचं सांगितलं. हॉर्न वाजवून दाखवला. ती सगळं ऐकून मान हलवायची आणि कुठेच मागे सरायची नाही. शेवटी म्हणाली, "आजी, एक विचारू? समुद्राकाठची गाडी घेऊ नये म्हणतात. खालून..."

"वाकान बघ. गोणपाट हाडतंय."

गोणपाट अंथरलं. ती खाली सरकली. मांजरं फिसकारून बाहेर आली. मी पडवीच्या पायरीवर बसून वाट बघत होते आणि खरं सांगते, मनातून देवाला म्हणत होते, गंज असू दे. भरपूर असू दे. ही पण जाऊ दे.

खालून तिचा आवाज आला, आता सगळं शुद्ध मराठी विसरलेला. "आजी, हय गंज नाय आसा! सगळा काळा, गुळगुळीत. आणि कसलो तरी वास येता... माशाचो?"

"जुना तेल तां. लय वर्सां झाली."

"जुना नाय ओ. हाताक लागता. ह्या पावसाच्या आधी लावलेला दिसता. ब्रशाचे फराटे पण आसत."

मी काथ्याने लावलं होतं. एकदाच. ब्रश मी कधी हातात धरला नाही.

मला सत्तरी ओलांडून वर्षं झाली आहेत, एक गुडघा सरकारजमा आहे, पण मी त्या पोरीशेजारी गोणपाटावर आडवी झाले आणि गाडीखाली डोकं घातलं. तुझे फराटे, सुमा. आडवे, एकसारखे, लसीकरणाची घोषणा लिहायच्या आधी तू भिंतीवर चुना मारायचीस तसे. कोपऱ्याकोपऱ्यात पोचलेले, जिथे माझा हात कधीच गेला नव्हता. दर वर्षी मे महिन्यात तू "सर्व्हिसिंगक जातंय" म्हणून मालवणला जायचीस आणि मला बरोबर घ्यायची नाहीस. परत आलीस की गाडीत धूप फिरवायचीस. मी विचारलं तर म्हणायचीस, नजर लागते. आणि ही मांजरं, जी इतकी वर्षं आपल्याच गाडीखाली निजत आली, त्यांना मी लाडावलेली समजत होते!

एवढी वर्षं भांडलीस माझ्याशी. एवढी वर्षं चोरून तेल लावलंस. आणि एकदा, फक्त एकदा, मोदक वळताना म्हणाली असतीस, "वैनी, तुझा बरोबर होता," तर काय तुझी जीभ झडली असती? मी गाडीखाली पडल्यापडल्या तुला एक इरसाल शिवी दिली. मेघा घाबरली. "आजी, लागला काय?" मी म्हटलं, "नाय. हसतंय." थोडं हसतही होते.

गाडी मी तिला दिली. तू म्हणशील, एवढं कळल्यावर का दिलीस? माझ्या आठवणीसाठी ठेवायची होतीस. ठेवली असती. पण खळ्यात उभी करून, रोज पुसून, तिला मरताना बघितलं असतं आणि तुला ते चाललं नसतं. मेघाला मी तेलाचा डबा दिला आणि सांगितलं की दर पावसाआधी लाव, वासाची लाज बाळगू नको. प्रकाशला फोन करून सांगितलं, गाडी गेली, पण मी डोंबिवलीला येत नाही. तो म्हणाला, "आई, मगे तू बाजाराक कशी जातलंस?" मी म्हटलं, एसटीने. तो म्हणाला, एसटी चुकली तर? मी म्हटलं, तर बसेन तिथेच दगडावर. मला बसायची सवय आहे. हे बोलताना सोपं वाटलं. फोन ठेवल्यावर नाही वाटलं. पण घर माझं आहे, खळं आपलं आहे, आणि तुझ्या दारात रोज सकाळी कोणीतरी झाडू मारायला हवा.

पैसे नीताकडे गेले. कागद झाले. मेघा गाडी न्यायला आली ती सुट्टीच्या दिवशी सकाळी. टायर भरून घेतलं होतं. गाडी एका चावीत सुरू झाली, लाज राखली. आपली पाणंद तुला ठाऊक आहे, दोन्ही बाजूंना चिऱ्याचे गडगे, मधे जेमतेम एक गाडी, आणि तू ती मागे घेत बाहेर काढायचीस, डाव्या हाताने सीटला मिठी मारून, तोंडाने कोणालातरी शिव्या देत. मेघा स्टेअरिंगपाशी बसून रडकुंडीला आली.

"आजी, माका रिव्हर्स जमणा नाय ओ. तुमी मागे उभ्या ऱ्हवून सांगशात?"

मला गाडीतलं ओ की ठो कळत नाही, हे तिला कुठे माहीत! पण मी गेले. गाडीच्या मागे, पाणंदीत, तिच्या आरशात दिसेन अशी उभी राहिले आणि हात वर करून बोलवायला लागले. ये. ये. थोडी डावीकडे. ये. मी एकेक पाऊल मागे सरायचे आणि गाडी माझ्याकडे यायची. राखाडी, घोगरी, मंद, माझ्याकडेच तोंड नसलेली. तुझ्या घराचा कोपरा गेला, आपली विहीर गेली, शेवटचा माड गेला. ये. ये. सुमा, कितीतरी दिवसांनी कोणीतरी माझं ऐकून माझ्याकडे येत होतं. माझा पाय डांबरावर लागला ते मला कळलं नाही. मी बाजूला झाले, गाडी वळली, तिचं तोंड मालवणाकडे झालं, आणि मी रस्त्याच्या कडेला उभी राहून हाताने बोलवतच होते.

मेघाने काच खाली केली, डावीकडची, अडणारी, दोन धक्के देऊन. शेजारच्या सीटवर कलून माझ्याकडे बघितलं आणि अगदी हळू म्हणाली,

"आजी, रस्तो कदीच इलो. आता हात खाली करा, माका जावक व्हया."